मुंबईच्या गोदीतल्या सुतारांचं लंडन

1838 च्या मार्चमध्ये ‘बकिंगहॅमशायर’ हे शिडाचं जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. त्यावर वाडिया घराण्यातले दोन तरुण होते, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी. दोघंही विशीच्या आसपासचे आणि मुंबईच्या गोदीत जहाजबांधणी शिकलेले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून ते ऑगस्टमध्ये पोचले. स्वयंपाकाला आपले पारशी नोकर बरोबर नेले होते. वाफेची जहाजं कशी बांधतात हे शिकायला ते गेले आणि अडीच वर्षं राहिले.

त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी 1736 साली सुरतेहून मुंबईत आले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या घराण्याने सागवानातून जी जहाजं उभी केली, त्यांतली कित्येक ब्रिटिश आरमारात गेली: मिंडेन, कॉर्नवॉलिस, वेलस्ली, त्रिंकोमाली, एशिया. 1827 साली ग्रीसजवळच्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती कॉड्रिंग्टनचं निशाण ‘एशिया’वर होतं. अशा घरातली मुलं लंडनला शिकायला गेली, कारण काळ बदलत होता. वाफेचं इंजिन जहाजात आलं आणि ते बसवायचं, पेलायचं, चालवायचं तर जहाजाचा सांगाडाच वेगळ्या विचाराने आखावा लागणार होता.

दोघांनी आपला वृत्तांत इंग्रजीत लिहिला आणि तो 1841 मध्ये लंडनमध्येच छापला गेला. परक्या शहरात गेलेला माणूस राजवाडे आणि चर्चं बघतो. यांनी तीही बघितली. पण यांची नजर जिथे थांबते तिथे काहीतरी घडवलं जात असतं. हे कोणी केलं, कशाने केलं, त्याला काय मजुरी मिळाली, हे प्रश्न त्यांच्या डोक्यात सतत चालू असतात. मी माझगावचा. माझी सगळी नोकरी जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. त्यामुळे हे दोघं मला फार जवळचे वाटतात. यंदा सप्टेंबरमध्ये भाचीकडे लंडनला जायचं ठरलं, तेव्हाच मनाशी पक्कं केलं की आपण यांच्या नजरेने शहर बघायचं.

सोमवार

सुरुवात रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयापासून. भाची म्हणाली, “मामा, तू जहाजं बघायला आलायस ना? मग जिराफ कशाला?” कारण असं, की लंडनने या दोघांकडे कसं पाहिलं ते इथे कळतं. लांब पांढरी डगली आणि डोक्यावर पारशी पगडी असे ते बागेत शिरले आणि प्राणी बघायला आलेले लोक प्राणी सोडून यांच्याभोवती जमले. हजारेक माणसं असावीत असा त्यांचा अंदाज होता. पक्ष्यांइतके आणि चार पायांच्या प्राण्यांइतकेच आपणही तिथे कुतूहलाचा विषय झालो होतो, असं त्यांनी अगदी सरळ लिहून ठेवलं आहे.

त्या काळची एक इमारत अजून जागेवर आहे आणि वापरातही आहे. 1836 साली लंडनमध्ये जिराफ आले तेव्हा त्यांच्यासाठी वास्तुकार डेसिमस बर्टनने घर बांधलं. त्याची दारं उंच आणि अरुंद, कारण आत राहणाराच तसा. पावणेदोनशेहून अधिक वर्षं त्या घरात जिराफच राहतायत. वापरणाऱ्याचं माप घेऊन केलेलं काम असं टिकतं. मी दारांच्या चौकटी बघत बराच वेळ उभा होतो.

आज त्या बागेत आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. शाळेच्या सहलीतली निम्मी मुलं आपल्याच वर्णाची होती. तरीही त्या गर्दीच्या वर्तुळात उभ्या असलेल्या दोन पोरांचा विचार मनातून जाईना. घरी त्यांच्या वडीलमाणसांना गोदीत मान होता. इथे भोवतीच्या माणसांना त्यांच्या हातातली विद्या दिसण्याचा काही मार्गच नव्हता, दिसत होती ती फक्त पगडी. इंग्लंडातले खालच्या थरातले लोक परक्यांशी फार उद्धटपणे वागतात, असं त्यांनी आपल्या देशबांधवांना बजावून ठेवलंय. पण म्हणून शहर बघायचं त्यांनी थांबवलं नाही. मला त्यांचा पहिला मोठेपणा इथे दिसतो.

मंगळवार

आज रीजंट स्ट्रीट. ऑक्सफर्ड सर्कसहून उत्तरेला थोडं चाललं की डाव्या हाताला 309 क्रमांकाची इमारत लागते. तिथे आता वेस्टमिन्स्टर विद्यापीठ आहे. याच जागी ऑगस्ट 1838 मध्ये, म्हणजे हे दोघं इंग्लंडला लागले त्याच महिन्यात, पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन सुरू झालं. इथे यंत्रं चालू स्थितीत मांडलेली असत, आणि समोर कारागीर काम करून दाखवत. सगळ्यांत मोठं आकर्षण होतं पाणबुडी-घंटा. लोखंडाची, तीन टन वजनाची ही घंटा माणसांना घेऊन पाण्याच्या हौदात उतरायची. पंपाने आत हवा भरत राहायची, त्यामुळे पाणी आत येत नसे. कानात मात्र दडे बसत. शिलिंगभर पैसे देऊन कोणीही बसावं. 1840 साली राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टही त्यात बसून गेला.

लंडनकरांना ती मौज वाटली असेल. गोदीतल्या माणसाच्या दृष्टीने हे रोजच्या कामाचं हत्यार होतं. जहाज कोरड्या गोदीत न घेता त्याचा तळ तपासता आला, गोदीच्या पाण्याखालच्या भिंतीचा पाया बघता आला, तर किती दिवस वाचतील याचा हिशोब मी माझ्या नोकरीत कितीदा केलाय. स्ट्रँडजवळ अशीच दुसरी जागा होती, ॲडलेड गॅलरी. तिथे पर्किन्सची वाफेवर चालणारी बंदूक गोळ्यांचा मारा करून दाखवत असे. या दोन संस्थांखेरीज इंग्लंडात दुसरं काहीही बघितलं नसतं तरी इथवर येण्याचं सार्थक झालं असतं, असं त्या दोघांचं मत होतं.

ॲडलेड गॅलरी आता उरलेली नाही. पॉलिटेक्निकची इमारतही 1911 साली नव्याने बांधलेली आहे, पण आतलं सभागृह बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी 1896 मध्ये ल्युमिए बंधूंची चलचित्रं ब्रिटनमध्ये तिथे पहिल्यांदा लोकांना दाखवली गेली. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएंची चलचित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये दाखवली गेली. पाच महिन्यांचं अंतर! 1838 साली मुंबईहून नुसतं जहाज यायला एवढे दिवस लागत.

दुपारी पूर्वेकडे, स्पिटलफील्ड्सला. याला कारण एक नाच. दोघांना ऑपेराला नेलं होतं आणि तिथे त्यांनी मारी टॅग्लिओनीचं नृत्य बघितलं. सगळं युरोप त्या नर्तकीवर फिदा होतं. यांना दिसली ती हंसासारखी एका पायावर उभी राहणारी, गिरक्या घेणारी बाई, आणि तिला मिळणारा पैसा. लगेच त्यांनी हिशोब मांडला: रेशमाची सुंदर वस्त्रं विणणारे स्पिटलफील्ड्सचे सहा विणकर दिवसाला चौदा चौदा तास राबतात, तरी हिच्याएवढं त्यांना मिळत नाही. हे त्यांना सरळसरळ विपरीत वाटलं.

नृत्याच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही. पायाच्या अंगठ्यावर तोल सावरायला किती वर्षांची मेहनत लागते, हे हातावर घट्टे असलेल्या माणसाने तरी ओळखायला हवं होतं. पण प्रेक्षागृहात बसल्या बसल्या समोरच्या झगमगाटातून ज्यांना विणकर आठवला, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. त्या रात्री प्रेक्षागृहात रेशीम नेसून बसलेल्या किती जणींना तो आठवला असेल?

फूर्निए स्ट्रीटवरची घरं अजून तशीच आहेत. ती फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, रेशीमवाल्यांची. माळ्यावर, छपराला लागून, लांबच्या लांब खिडक्या आहेत. मागावर उजेड पडावा म्हणून त्या तशा केलेल्या. 1826 मध्ये फ्रेंच रेशमाच्या आयातीवरची बंदी उठली आणि या विणकरांच्या मजुरीची घसरण वाढत गेली. हे दोघं आले तेव्हा त्यांची दशा वाईट होती. येवल्यात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर मी पाहिलाय, त्यामुळे या खिडक्यांकडे नुसतं जुनी सुंदर घरं म्हणून बघता येईना. आज तिथल्या घरांच्या किमती विणकराच्या सात पिढ्यांना झेपणार नाहीत.

कोपऱ्यावर, ब्रिक लेनला, 1743 साली बांधलेलं ह्युगेनो चर्च आहे. पुढे ते मेथडिस्टांचं झालं, मग ज्यूंचं सिनेगॉग, आणि आता मशीद. जो समाज इथे आला, त्याने त्याच भिंतींत आपला देव आणला. आम्ही तिथेच एका बांगलादेशी खानावळीत मासे-भात खाल्ला. रस्सा झणझणीत होता.

बुधवार

दिवसभर पाऊस. लेडनहॉल स्ट्रीटला ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती, ती 1861 साली पाडली. आज तिथे लॉइड्सची पोलादी, सगळे नळ आणि जिने बाहेर असलेली इमारत उभी आहे. तिचा धंदा मात्र जुन्या काळाशी जोडलेला: लॉइड्सने सुरुवातीपासून जहाजांचा विमा उतरवला.

कंपनीच्या कचेरीत संग्रहालय होतं आणि त्यातला टिपू सुलतानाचा लाकडी यांत्रिक वाघ हे लंडनकरांचं आवडतं खेळणं होतं. कोणीही येऊन त्याची मूठ फिरवावी आणि गुरगुर ऐकावी. आता तो साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, काचेच्या पेटीत गप्प आहे. लाकूड कोरणाऱ्याचा हात मोकळा आणि ठाम आहे. दहा मिनिटं बघितला आणि ओले बूट वाळवायला घरी आलो.

गुरुवार

ज्या दिवसाची मी मुंबईपासून वाट बघत होतो तो आज.

टेम्स नदीच्या तळाखालून बोगदा काढायचं काम मार्क ब्रुनेलने 1825 साली हाती घेतलं. जहाजं ये-जा करतात अशा नदीखालून जगात कुठेही असा बोगदा झालेला नव्हता. जहांगीर आणि हिरजीभाई लंडनमध्ये होते तेव्हा काम चालूच होतं आणि शिलिंग देऊन लोकांना अर्धवट बोगदा बघता येत होता. यांनीही तो बघितला.

रॉदरहाइथ स्टेशनच्या बाहेर पडलं की दोन मिनिटांवर ब्रुनेल म्युझियम आहे. तिथे मूळ विहिरीत जिन्याने उतरता येतं. विहीर म्हणतोय ते उगाच नाही. ब्रुनेलने जमिनीवर पन्नास फूट व्यासाचं विटांचं कडं बांधलं, त्याच्या पायाशी लोखंडी धार बसवली, आतली माती काढत गेला आणि ते कडं स्वतःच्याच वजनाने खाली उतरलं. आपल्याकडे नदीच्या मऊ पात्रात विटांची विहीर अशीच उतरवत आणि तिच्यावर पाया घेत. मुंबईच्या या दोघांना हे सांगावं लागलं नसणार. भिंतींवर काजळीचा काळा थर अजून आहे, कारण पुढे 1860 च्या दशकात बोगद्यात आगगाडी आली आणि इंजिनांचा धूर इथूनच वर जाई.

खरी करामत मात्र पुढे आहे. मऊ माती अंगावर कोसळू नये म्हणून ब्रुनेलने लोखंडाची एक अवाढव्य ढाल बनवली. तिच्या बारा उभ्या चौकटी, प्रत्येकीत एकावर एक तीन खण. अशा छत्तीस खणांत छत्तीस माणसं. प्रत्येकापुढे आडव्या फळ्या स्क्रूने दाबून बसवलेल्या. खणणाऱ्याने एकच फळी काढायची, तिच्यामागची चार-साडेचार इंच माती कोरायची, फळी पुढे सरकवून परत घट्ट करायची, मग खालची फळी. सगळ्या फळ्या पुढे गेल्या की ढाल पुढे ढकलायची आणि मागे गवंडी लगेच विटांचं बांधकाम करत येणार. ही कल्पना ब्रुनेलला जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून सुचली. तो किडा डोक्यावरच्या कवचाने लाकूड कोरतो आणि मागे बिळाला चुन्यासारखं अस्तर लावत जातो.

आता विचार करा. ज्या किड्याशी मुंबईच्या गोदीची पिढ्यान्‌पिढ्या लढाई, त्याच किड्याकडून शिकून केलेलं यंत्र या दोघांच्या समोर चाललेलं होतं. सागवानाला तो किडा ओकइतक्या सहजी लागत नाही, म्हणून तर मुंबईच्या जहाजांना भाव होता.

या कामाची किंमत माणसांनी मोजली. वरची नदी म्हणजे सगळ्या शहराचं गटार. झिरपणाऱ्या घाण पाण्याने माणसं आजारी पडत, अंधत्व येई, वायू पेट घेई. 1828 च्या जानेवारीत पाणी घुसलं तेव्हा सहा माणसं बुडाली. ब्रुनेलचा मुलगा इसंबार्ड थोडक्यात वाचला. पैशाअभावी काम सात वर्षं बंद पडलं. शेवटी 25 मार्च 1843 ला 1,300 फुटांचा बोगदा पायी जाणाऱ्यांसाठी उघडला. तोवर आपले दोघं मुंबईला परतले होते.

मी रॉदरहाइथहून गाडीत बसलो आणि वॉपिंगला उतरलो. गाडी त्याच बोगद्यातून जाते. मिनिटभरही लागत नाही. डब्यातली माणसं फोनमध्ये होती. वॉपिंगच्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की बोगद्याच्या दोन कमानी शेजारी शेजारी दिसतात. गाडी गेल्यावर तिथे थांबून त्या नीट बघाव्यात. मी चार-पाच गाड्या जाऊ दिल्या.

तिथून नदीकाठच्या मिलवॉलला. मास्टहाउस टेरेस नावाच्या बोटीच्या धक्क्यालगत, ओहोटीच्या वेळी, काठावर जुन्या जाड ओंडक्यांची उतरण दिसते. इसंबार्ड ब्रुनेलचं ‘ग्रेट ईस्टर्न’ इथे बांधलं गेलं. 692 फूट लांबीचं लोखंडी जहाज, नदीच्या रुंदीत मावेना म्हणून आडवं बांधलं आणि आडवंच पाण्यात सोडायचं ठरवलं. 3 नोव्हेंबर 1857 ला पहिला प्रयत्न झाला, जहाज अडकून बसलं. हायड्रॉलिक जॅक लावून इंच इंच ढकलत शेवटी 31 जानेवारी 1858 ला ते तरंगलं. याच जहाजाने पुढे 1870 मध्ये मुंबई ते एडन समुद्रातली तारेची केबल टाकली. प्रवासी जहाज म्हणून ते तोट्यात गेलं; केबलच्या कामात त्याचा आकार सार्थकी लागला.

आपले दोघं लंडनला पोचले आणि हे महाकाय लोखंड पाण्यात गेलं, यांत वीस वर्षांचंही अंतर नाही. त्यांना शिकायचं होतं लाकडी जहाजात इंजिन बसवायला. ते शिकून होईपर्यंत लाकूडच मागे पडायला लागलं होतं. आमच्या ड्रॉइंग बोर्डांवरची टी-स्क्वेअर एका वर्षात संगणकाने कपाटात घातली, ते मी अनुभवलंय. पण आम्हाला निदान पगार चालू राहिला. त्यांची अख्खी घराणेशाही लाकडावर उभी होती.

शुक्रवार

पाय दुखत होते, म्हणून एकच ठिकाण: स्ट्रँडवरचं सॉमरसेट हाउस. याच इमारतीत तेव्हा रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था होती. वाडियांपैकीच अर्देशीर कर्सेटजी 1839 साली इजिप्तमार्गे इंग्लंडला आले. सुएझचा कालवा नव्हता. लाल समुद्रातून सुएझ, तिथून खुश्कीने कैरो, मग अलेक्झांड्रियाहून पुढचं जहाज. 1834 साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या आल्या त्या 1865 मध्ये. 27 मे 1841 ला रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही 1918 साली! मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत ते मुख्य अभियंता झाले, आणि त्यांच्या हाताखाली इंग्रज कामगार होते.

चौकात कारंजी चालू होती, मुलं भिजत होती. माझगावात अर्देशीरशेठच्या नावाची साधी पाटी शोधायला गेलात तर किती वेळ लागेल, हा विचार मला तिथे छळत राहिला.

शनिवार

चॅटम. सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आसपास. भाचीही आली, तिला सुट्टी होती. लंडनच्या बाहेर, मेडवे नदीकाठी, चारशे वर्षांहून जुनी ही आरमारी गोदी 1984 साली बंद झाली आणि आता संग्रहालय आहे. नौसेनापती नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज 1765 मध्ये इथून पाण्यात गेलं. जहांगीर आणि हिरजीभाई शिकले ते इथे. लंडनची सगळी मौज बाजूला ठेवून काम जिथे केलं ती ही जागा.

सकाळी आधी तीन नंबरची स्लिप बघितली. स्लिप म्हणजे ज्यावर जहाज बांधतात ती उतरण. पावसाने लाकूड कुजू नये म्हणून तिच्यावर 1838 साली लाकडी छप्पर घातलं. 1838! म्हणजे हे दोघं इथे आले तेव्हा याचे वासे कोरे होते, लाकडाचा वास येत असणार. मुंबईत चार महिने पाऊस झेलत काम करणाऱ्या माणसांनी हे छप्पर बघून काय म्हटलं असेल! पुढे 1904 मध्ये मधोमध एक मजला टाकला, त्यामुळे आज त्यावर चढून छपराच्या पोटाशी जाता येतं. एकेका खांबावरून फाटे कसे फुटतात, कमानी तुळयांना कुठे मिळतात, सांधे कुठे लोखंडी पट्ट्यांनी बांधलेत, सगळं हाताच्या अंतरावर. खांबांची रांग इतकी विरळ ठेवलीय की खाली अख्खी युद्धनौका उभी राहावी. हे काम जहाज बांधणाऱ्या सुतारांच्या विचारातूनच निघू शकतं. भाची चहा घेऊन आली तरी मी तिथेच होतो.

मग ब्रुनेलची करवतशाळा. होय, तोच मार्क ब्रुनेल. बोगद्याच्या आधी, 1814 च्या सुमारास, त्याने चॅटममध्ये वाफेवर चालणारी लाकूड चिरायची गिरणी उभी केली. ओंडके तलावातून भुयारी कालव्याने तरंगत यायचे, वर उचलले जायचे आणि चौकटीतल्या अनेक पात्यांखाली एकाच वेळी चिरले जायचे. मुंबईच्या गोदीत तेव्हा एक करवत्या वर, एक खाली, अशी जोडी दिवसभर घाम गाळत असे. यंत्राच्या वेगाने पोट भरणारी ती जोडी कुठे जाणार, हे या दोघांना दिसलं असणार. विणकराचा हिशोब ज्यांनी ऑपेरात मांडला त्यांना इथे दिसल्यावाचून कसं राहील?

दोरखंडाचा कारखाना आजही चालू आहे. एकच सलग इमारत, 346 मीटर लांब. लांबीचं कारण साधं: दोर जितका लांब वळायचा तितकी जागा सरळ हवी. पीळ घालताना दोर आखडतो, म्हणून इमारत दोरापेक्षाही लांब. 1811 सालचं यंत्र अजून पीळ घालतंय. आम्ही गेलो तेव्हा वाखाचा वास दरवळत होता, आणि एक कामगार त्या लांबलचक जमिनीवरून सायकलने या टोकाहून त्या टोकाला जात होता. इथे प्रेक्षकांना हाताने दोर वळायला देतात. भाचीने हँडल फिरवलं, मी पीळ धरला. वळलेला तुकडा आम्हाला देऊन टाकला.

गाडीघडणाऱ्यांच्या जुन्या कार्यशाळेच्या फरशीखाली 1995 मध्ये एका युद्धनौकेच्या फासळ्या सापडल्या, ‘नामूर’च्या, 1756 सालच्या. जहाज मोडलं, लाकूड जमिनीला वापरलं. चांगलं लाकूड कोणी टाकत नाही.

आणि मुख्य दरवाजाच्या आत, ‘वेलस्ली’च्या नाळेवरचा पुतळा. जहाजाच्या पुढच्या टोकावर बसवतात तो. ‘वेलस्ली’ 1815 साली मुंबईत बांधलं, मालाबारच्या सागवानात, जहांगीरचे आजोबा जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली. पुतळा ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजे त्याच आर्थर वेलस्लीचा, ज्याने 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. असई जालना जिल्ह्यात. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या जहाजावर असईच्या विजेत्याचं डोकं. आणि ते जहाज पुढे काय काय करत गेलं! 1839 च्या फेब्रुवारीत याच ‘वेलस्ली’ने कराचीवर तोफा डागल्या आणि ते बंदर ब्रिटिशांच्या हाती गेलं. त्याच काळात जहांगीर आणि हिरजीभाई इंग्लंडात शिकत होते. पुढल्या वर्षी ते चीनच्या किनाऱ्यावर अफूच्या युद्धात होतं.

या पुतळ्यापाशी मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. ज्यांनी जहाज घडवलं त्यांनी त्याच्या तोफा कुठे वळाव्यात हे ठरवलं नाही, हे खरं. पण कंपनीच्या पगारावर आणि आरमाराच्या मागणीवर त्यांचं घर चालत होतं, हेही तितकंच खरं. त्यांच्या लिखाणात इंग्रजांबद्दल जो भक्तिभाव आहे तो वाचताना मला जड जातं. त्यांच्या हातच्या कामाबद्दलचा माझा आदर मात्र त्याने कमी होत नाही.

‘वेलस्ली’ सव्वाशे वर्षं तरंगत राहिलं. नाव बदलून मुलांना खलाशीपण शिकवायचं जहाज झालं, आणि सप्टेंबर 1940 मध्ये टेम्सवर उभं असताना जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. मुंबईचं सागवान विमानांच्या युगापर्यंत टिकलं!

दोघं 1841 मध्ये परतले आणि मुंबईच्या गोदीत कामाला लागले. 1848 साली तिथून 80 तोफांचं ‘मियानी’ पाण्यात गेलं, पुन्हा सागवानाचंच. दहा वर्षांच्या आत त्याला वाफेचं इंजिन आणि पंखा बसवावा लागला. मुंबईच्या गोदीत बांधलेलं एवढं मोठं लाकडी लढाऊ जहाज ते शेवटचं.

परतीच्या गाडीत भाचीने विचारलं, “मामा, त्या जहाजांपैकी आता एकही नाही का?” आहे. ‘त्रिंकोमाली’, 12 ऑक्टोबर 1817 ला मुंबईत पाण्यात सोडलेलं, तेही जमशेटजींच्याच हाताखालचं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला ते अजून तरंगतंय आणि त्यावर चढता येतं. तिने गाडीतच फोनवर उद्याची तिकिटं काढली. सकाळी किंग्ज क्रॉसहून निघायचंय, दुपारी तिकडे पोचू. डबे घरूनच नेणार आहोत.